पत्त्याची पाठ आणि पत्त्याची कड

श्रोतेहो, नमस्कार.

टॅरोच्या पत्त्यांवरून भविष्य कसे सांगतात, असे मला पुष्कळ जण विचारतात आणि तो माझा विषय नाही, असे मी प्रत्येकाला सांगते. परभणीत माझ्या वडिलांचा छापखाना होता. शाळा सुटली की मी तिथे लग्नपत्रिका मोजायला बसत असे, आणि पुढे तो छापखाना मीच सांभाळला. त्यामुळे पत्ता हातात आला की माझे लक्ष आधी कागदाकडे, मग शाईकडे आणि सर्वांत शेवटी चित्राकडे जाते. एकाच चित्रांचे दोन कॅट समोर आले, तर कोणता कोणत्या छपाईचा हे कसे ओळखावे, एवढेच मी आज सांगणार आहे.

आपल्या घरातल्या कॅटमध्ये ५२ पाने असतात, टॅरोच्या कॅटमध्ये ७८ असतात. त्यांतली ५६ पाने आपल्या ओळखीच्या रीतीची, म्हणजे चार प्रकारांत एक्क्यापासून दश्शीपर्यंत आणि वर गुलाम, घोडेस्वार, राणी, राजा. उरलेली २२ पाने हुकमाची. आज बहुतेकांकडे जो कॅट दिसतो, तो लंडनच्या विल्यम रायडर अँड सन या प्रकाशनाने डिसेंबर १९०९मध्ये काढला. त्याची योजना आर्थर एडवर्ड वेट यांची होती आणि चित्रे पामेला कोलमन स्मिथ यांची. पहिल्या छपाईत पत्त्यांच्या पाठीवर गुलाब आणि लिली यांची नक्षी होती. पुढच्या छपायांत तिथे भेगांचे जाळे आले, वैशाखात आपल्या काळ्या रानाला पडतात अगदी तशा भेगांचे. संग्राहक या जुन्या इंग्रजी छपायांना चित्रकर्तीच्या नावावरून पॅम ए, पॅम बी, पॅम सी आणि पॅम डी असे म्हणतात.

या बाईंविषयी एक गोष्ट बोलल्याशिवाय मला राहवत नाही. एवढी चित्रे काढून झाल्यावर त्यांनी एका स्नेह्याला पत्रात कळवले होते की, मोठे काम संपवले, पण पैसे फार थोडे मिळाले. वर्षानुवर्षे हा कॅट रायडर-वेट या नावाने विकला गेला. त्यात प्रकाशकाचे नाव आहे, योजना करणाऱ्याचे नाव आहे आणि चित्रे काढणारीचे नाव नाही. शंभर वर्षांनी, २००९मध्ये, स्मिथ-वेट या नावाची आवृत्ती निघाली. आमच्या छापखान्यात पत्रिकेवरचा गणपती हाताने काढून देणाऱ्या कलाकाराचे नाव वडील पत्रिकेच्या पाठीवर खाली बारीक टाइपात घालत, आणि गिऱ्हाइकाने हरकत घेतली तरी काढत नसत. मला ते आजही योग्य वाटते.

आता मूळ मुद्दा. मराठवाड्यातल्या ट्रंकांतून आणि कपाटांतून मी पाहिलेले जुने कॅट अमेरिकेतल्या यू. एस. गेम्स सिस्टिम्स या कंपनीचे होते. त्यांच्या पत्त्यांवर कडेला अगदी बारीक अक्षरांत १९७१ हे साल असते, आणि सगळा घोटाळा तिथून सुरू होतो. ते हक्काचे, म्हणजे कॉपीराइटचे, साल आहे. कॅट १९८५ला छापलेला असो की २००५ला, पत्त्यावर १९७१च राहते. रेडिओवर मागे जाऊन वाचता येत नाही, म्हणून पुन्हा सांगते: हक्काचे साल वेगळे आणि छपाईचे साल वेगळे.

तीन वर्षांपूर्वी आषाढात, पाऊस नुकता लागला असताना, सेलूहून माझ्या मैत्रिणीची मुलगी घरी आली. पदराखाली धरून आणावी तशी तिने एक पिशवी आणली होती. पिशवीत तिच्या कैलासवासी मामांचा टॅरोचा कॅट होता. मामा जहाजावर नोकरीला होते आणि कुठल्याशा बंदरावर त्यांनी तो घेतला होता. मुलीला तो विकायचा होता. पुण्याच्या एका संग्राहकाने १९७१ची पहिली छपाई समजून चांगली किंमत सांगितली होती. ती मला म्हणाली, "मावशी, पानापानावर साल आहे बघा. आता फक्त तुम्ही हो म्हणा."

मी तिला म्हटले, "बाई, आधी खोका बाजूला ठेव. खोका खोक्यापुरते बोलतो." मी टेबलावर पांढरा कागद पसरला, हात कोरडे केले आणि पूर्ण गड्डी हातात घेतली. छापखान्यात कापून आलेले कागद आपण टेबलावर ठोकून सरळ करतो, तशी ती गड्डी मी चारही बाजूंनी हलकेच ठोकली आणि कड डोळ्यांच्या रेषेत धरली. एकाच छपाईची पाने एकाच सुरीखाली कापली जातात, म्हणून त्यांची कड भिंतीसारखी सपाट दिसायला हवी. इथे ७७ पाने तशी सपाट होती आणि एक पान नखाच्या टोकाएवढे वर आलेले होते.

मी ते पान ओढून काढले. ती पेंटॅकल्सची, म्हणजे नाण्यांच्या प्रकारातली, अठ्ठी होती, बाकावर बसून छिन्नी-हातोडीने नाणे घडवणाऱ्या कारागिराची. पाठ उलटून पाहिली, तर दोन्हींवर निळ्या रेघांच्या चौकटी. पण बाकीच्या पानांचा निळा थोडा राखेकडे झुकलेला आणि या पानाचा निळा कच्च्या निळीसारखा भडक. खिडकीच्या उजेडात धरले, तर बाकीची पाने सायीच्या रंगाची आणि हे दुधासारखे पांढरे. बारीक अक्षरांतले साल या पानावरही होते, फक्त त्याची अक्षरे एकमेकांत मिसळून गेली होती.

मग मी छपाई तपासायचे भिंग काढले आणि मुलीच्या हातात दिले. मामांच्या पानांवर कारागिरांच्या, राण्यांच्या अंगाभोवतीची काळी रेघ सलग आणि भरीव होती. अठ्ठीवर तीच रेघ निळ्या, लाल, पिवळ्या आणि काळ्या ठिपक्यांची बनलेली होती. छापलेल्या पानाचा फोटो किंवा स्कॅन घेऊन ते पुन्हा छापले, की काळी रेघसुद्धा चार रंगांत फुटते. मुलगी बराच वेळ भिंगातून पाहत राहिली आणि मग म्हणाली, "मावशी, हे पान मामांचं नाहीच."

तिने तिथूनच मामींना फोन लावला. मामींना सगळे आठवत होते. ही मुलगी सात वर्षांची असताना सुट्टीत मामांकडे गेली होती आणि तिने ती अठ्ठी दप्तरात घालून शाळेत नेली होती. ती अठ्ठी परत आली नाही. मामा तेव्हा काही बोलले नाहीत, पण पुढच्या फेरीत त्यांनी त्या एका पानासाठी एक स्वस्त नकली कॅट विकत घेतला, अठ्ठी काढून आपल्या कॅटमध्ये ठेवली आणि उरलेली पाने मुलांना खेळायला दिली. मुलीला यातले काहीच आठवत नव्हते. फोन ठेवल्यावर ती ते पान हातात धरून बसली. चहा निवून गेला, तरी तिचे तिकडे लक्ष गेले नाही.

खोका आम्ही त्यानंतर पाहिला. खोक्यावर बारकोड होता. दुकानात वस्तूवरचा बारकोड पहिल्यांदा वाचला गेला तो अमेरिकेत जून १९७४मध्ये, म्हणजे बारकोड असलेला खोका १९७१चा असू शकत नाही. शेजारी दहा आकड्यांचा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकांना दिला जाणारा क्रमांक, होता. हा क्रमांक जानेवारी २००७पासून तेरा आकडी झाला, म्हणजे खोका त्याच्या आधीचा. स्वित्झर्लंडमध्ये छापल्याची ओळही होती, आणि या कंपनीचे जुने कॅट स्वित्झर्लंडमध्येच छापले जात; पुढच्या काळात बेल्जियम, इटली आणि चीन ही नावे खोक्यावर आली. कागद, शाई आणि खोका यांचे एकमेकांशी जुळत होते. कॅट खराच होता, पहिल्या छपाईचा मात्र नव्हता, आणि त्यात एक पान बाहेरचे होते.

श्रोतेहो, आपल्या घरात असा कॅट असेल, तर हाच क्रम धरा. आधी कड, मग पाठ, मग भिंगाखाली काळी रेघ आणि शेवटी खोका. पुन्हा सांगते: कड, पाठ, रेघ, खोका. पाने वाकवून पाहू नका, आणि रबर बँड तर मुळीच लावू नका, कारण उन्हाळ्यात ते वितळून कडेला चिकटते आणि डाग जात नाही. आतली छोटी पुस्तिकाही टाकून देऊ नका. सध्या विकल्या जाणाऱ्या अनेक नकली कॅटमध्ये पुस्तिकेच्या जागी नुसता क्यूआर कोड असतो, त्यामुळे मूळ पुस्तिका हा एक चांगला पुरावा ठरतो.

मुलीने पुण्याच्या गृहस्थांना सगळे खरे कळवले. त्यांनी किंमत कमी केली आणि कॅट घेतला. त्यांच्याजवळ त्याच स्विस छपाईचा एक अपुरा कॅट होता. त्यातली अठ्ठी त्यांनी इथे घातली आणि मामांनी आणलेली अठ्ठी टपालाने मुलीकडे परत पाठवली. ती आता तिच्या पाकिटात असते. त्या कॅटमध्ये आजही एक पान मूळचे नाही, आणि आता ते कडेवरून किंवा रेघेवरून कुणाला ओळखता येणार नाही. म्हणून मी त्यांना फोन करून विनंती केली आणि त्यांनी ती मानली: खोक्यात एक चिठ्ठी ठेवली आहे, शाई पानांना लागू नये म्हणून पेन्सिलीने लिहिलेली, की पेंटॅकल्सची अठ्ठी दुसऱ्या कॅटमधून घेतलेली आहे.