दीवच्या टेकडीवरची 'खुकरी'

मंडळी, दीवला गेलेली माणसं किल्ला बघतात, नागव्याच्या किनाऱ्यावर पाय भिजवतात आणि परततात. चक्रतीर्थाजवळच्या टेकडीवर मात्र जायला हवं. तिथं काचेच्या घरात, १९७१ च्या युद्धात बुडालेल्या आपल्या नौदलाच्या 'आयएनएस खुकरी' या युद्धनौकेची प्रतिकृती ठेवली आहे. उन्हं कलल्यावर समोरचा समुद्र त्या काचेवर असा उमटतो की जहाज नीट दिसायला कपाळ टेकवावं लागतं. मी टेकवलं, आणि बराच वेळ तिथून हललो नाही.

८ डिसेंबर १९७१ ला 'खुकरी' आणि 'किरपाण' या फ्रिगेटी, म्हणजे पाणबुड्यांचा माग काढणाऱ्या युद्धनौका, आपल्या मुंबईतून निघाल्या. काम होतं, पाकिस्तानी पाणबुडी शोधायचं. ९ तारखेच्या रात्री पावणेनऊच्या सुमारास, दीवपासून साधारण ४० सागरी मैलांवर, 'हांगोर' पाणबुडीचा पाणतीर 'खुकरी'ला लागला. दोनेक मिनिटांत जहाज पाण्याखाली गेलं.

त्या रात्री 'खुकरी' अगदी सावकाश चालली होती. पाणबुडी शोधताना एवढ्या सावकाश का, असं लोक विचारतात. त्याचं उत्तर सोनारमध्ये आहे. सोनार म्हणजे जहाजाचे पाण्यातले कान. वेग वाढवला की जहाजाचाच आवाज वाढतो आणि त्या कानांना बाकीचं ऐकू येत नाही. शिवाय सोनारचा पल्ला वाढवणाऱ्या एका नव्या उपकरणाची चाचणी 'खुकरी'वर सुरू होती. त्यासाठीही वेग कमीच ठेवावा लागे. पण 'हांगोर'चे कान जास्त लांबचं ऐकणारे होते. तिला 'खुकरी' आधी सापडली.

कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी स्वतःचं लाइफ जॅकेट एका नौसैनिकाला दिलं आणि ते जहाजासोबत गेले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. हे आपण शाळेपासून ऐकत आलो, आणि ऐकायलाच हवं. मला खंत आहे ती गोष्ट तिथंच थांबते याची. त्या रात्री १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. बॉयलरपाशी, इंजिनापाशी काम करणारी माणसं जहाजाच्या पोटात असतात. वर यायला लोखंडी शिडी, मग हॅच म्हणजे डेकमधलं झाकणाचं दार, मग पुन्हा शिडी. त्या काचेपाशी उभा राहून मी एकेका माणसासाठी एक आकडा असं १९४ पर्यंत सावकाश मोजलं. सहा मिनिटांच्या वर लागली.

६७ जण वाचले. बाकीच्यांच्या घरी काहीच परत आलं नाही. ज्याला हात लावावा असं काही नाही. म्हणून हे स्मारक दीवला असण्याला अर्थ आहे. समुद्रातल्या त्या जागेच्या जवळचं गाव तेच. त्या वेळी त्याचा कारभार आपल्या पणजीहून चालायचा. स्मारक उभं राहायला मात्र १९९९ साल उजाडलं, म्हणजे तब्बल २८ वर्षं. तोवर कितीतरी आया गेल्या असतील.

माझगाव गोदीत बांधलेली दुसरी 'खुकरी' १९८९ साली नौदलात आली. २०२१ च्या डिसेंबरात ती निवृत्त झाली आणि पुढच्याच महिन्यात दीवच्या स्वाधीन झाली, संग्रहालय म्हणून. जमलं तर मुलांना तिथं न्या. कॅप्टनची जागा दाखवाच, पण खाली उतरणारी शिडीही दाखवा.

आता सगळे उभे राहूया. दोनच मिनिटं.