झाडावरचा ऑक्टोपस आणि वर्गातला एक तास

पडद्यावर दिसणारे हे संकेतस्थळ १९९८ सालचे आहे. उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यालगतच्या दमट जंगलांत झाडांवर राहणाऱ्या एका ऑक्टोपसची माहिती त्यावर मोठ्या गांभीर्याने दिलेली आहे: त्याचा अधिवास, त्याची छायाचित्रे, आणि तो नामशेष होण्याच्या मार्गावर असल्याने वाचकांनी काय करावे याच्या सूचनासुद्धा. असा प्राणी अस्तित्वातच नाही. ही सारी कुणीतरी रचलेली थट्टा आहे. तरीही कनेक्टिकट विद्यापीठातील संशोधक डोनाल्ड ल्यू यांच्या गटाने इंटरनेटवरील वाचनात तरबेज समजल्या जाणाऱ्या सातवीच्या विद्यार्थ्यांना हे संकेतस्थळ दाखवले, तेव्हा जवळजवळ सर्वांनी ते विश्वासार्ह ठरवले.

आज या वर्गात तेच पान पुन्हा उघडले आहे. शिक्षिका ते खोटे असल्याचे सांगत नाहीत. हे लिहिणारा कोण आणि तो खरे बोलतो आहे की नाही हे कसे ठरवाल, एवढेच त्या विचारतात. मुले पान खाली सरकवत जातात, ‘आमच्याविषयी’ हा भाग उघडतात आणि तिथे जे लिहिले आहे त्यावरच विसंबून उत्तर देतात. हीच चूक स्टॅनफर्ड विद्यापीठातील सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅक्ग्रू यांना जाणत्या माणसांतही आढळली. त्यांच्या २०१७ सालच्या अभ्यासात १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि पदवीचे २५ विद्यार्थी होते. त्यांना दाखवलेल्या संकेतस्थळांवर इतिहासकार आणि विद्यार्थी पुष्कळदा समोरच्या पानावरच रेंगाळले, तिथल्या बोधचिन्हाला आणि नीटनेटक्या मांडणीला भुलले. तथ्यतपासनीसांनी मात्र ते पान लगेच सोडले, शेजारी नवे टॅब उघडले आणि ते पान चालवणाऱ्या संस्थेविषयी इतरांनी काय लिहिले आहे ते आधी पाहिले. आता मुलेही तसेच करतात, आणि थोड्याच वेळात ऑक्टोपसचे बिंग फुटते.

या सवयीला नीतीची बाजूही आहे, कारण खोटी माहिती पुढे नेणारे हात आपलेच असतात. ट्विटरवर २००६ ते २०१७ या काळात फिरलेल्या सुमारे १,२६,००० बातम्यांचा अभ्यास २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा ७० टक्क्यांनी अधिक असल्याचे त्यात दिसले, आणि यंत्रचलित खाती वगळून पाहिली तरी हा फरक कायम राहिला. ज्या शिक्षकांच्या स्वतःच्या गटावर न तपासलेले आरोग्यसल्ले रोज फिरतात, त्यांनी हा पाठ घेण्यापूर्वी आपला मोबाइल एकदा चाळून पाहावा, असे नम्रपणे सुचवावेसे वाटते.

टेबलावरच्या या प्रकल्पवहीत एका परिच्छेदाच्या मधोमध चौकटी कंसातला ४ हा आकडा तसाच राहून गेला आहे. मूळ लेखातल्या तळटीपेचा तो क्रमांक. मजकूर उचलताना तोही सोबत आला. वही जिची आहे तिला दटावले जात नाही. मूळ पान पुन्हा उघडून त्यातला एकच मुद्दा स्वतःच्या शब्दांत लिहावा आणि खाली लेखाचे नाव व पत्ता नोंदवावा, असे तिला सांगितले जाते, आणि त्या चार ओळींना तिला बराच वेळ लागतो. चित्रांच्या बाबतीत काम थोडे सोपे आहे, कारण २००२ पासून उपलब्ध असलेल्या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यांद्वारे अनेक निर्माते आपल्या अटी आधीच सांगून ठेवतात: कुणाला केवळ नामनिर्देश पुरतो, कुणाला व्यापारी वापर चालत नाही, तर कुणाला बदल. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतलेल्या मजकुरालाही हाच न्याय लावायचा; तो वापरल्याचे सांगायचे आणि त्यातले संदर्भ खरे आहेत की रचलेले, हे तपासायचे.

समोरासमोर जे बोलण्याची हिंमत होत नाही, ते माणूस पडद्याआडून सहज का बोलतो, याची कारणे मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ मध्ये मांडली. आपण दिसत नाही, आपले नाव कळत नाही, आणि दुखावलेल्याचा चेहरा आपल्याला पाहावा लागत नाही, ही त्यांतली काही. म्हणून शिक्षिका एक खोचक प्रतिक्रिया फळ्यावर लिहितात आणि ती शेजाऱ्याच्या डोळ्यांत पाहून मोठ्याने वाचायला लावतात. पहिला मुलगा तिसऱ्या शब्दालाच हसू लागतो. दुसऱ्याच्या तोंडून वाक्य पुरे होत नाही. भिंतीवरच्या नियमांच्या फलकाने हे साधले नसते.

तास संपत आला आहे. एका मुलाच्या मोबाइलमध्ये नुकताच काढलेला सर्वांचा फोटो आहे आणि त्याचे बोट ‘पोस्ट’ या शब्दाजवळ आहे. फोटोच्या फाइलमध्ये तो कुठे आणि केव्हा काढला याची नोंद असू शकते, हे त्याला मघाच कळले आहे. ती नोंद त्याने काढूनही टाकली आहे. आता तो मोबाइल प्रत्येकासमोर धरतो. कडेला उभ्या असलेल्या, डोळे मिटलेल्या मुलाजवळ तो जरा थांबतो.

“टाक,” तो मुलगा म्हणतो, “पण मला कापून.”

बोट पडद्यावर सरकते आणि फोटोची कड आत येते.