अंगावरचा कूलर

(दृश्य: नागपूर, वर्धा रोड. पेट्रोल पंपाच्या कडेला असलेला नळ. दोन हात सुती टी-शर्ट भिजवतायत.)

सकाळचे साडेनऊ. मे संपत आलाय, नवतपा सुरू आहे. नागपूरकराला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो: सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की सुरुवातीचे नऊ दिवस, साधारण २५ मेपासूनचे. २०१३ च्या मे महिन्यात या शहरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. आज तेवढं नाही. आज नुसतं ४४ आहे.

नळाचं पाणी कढत आहे. तरी त्यात पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट बुडवायचा, निथळणार नाही इतपत पिळायचा आणि तसाच अंगात चढवायचा. त्यावर मोटरसायकलचं जॅकेट. चेन पार गळ्यापर्यंत. पंपावरचा मुलगा हातातला नोझल तसाच धरून बघत राहतो.

"भाऊ, जीव नाही घाबरून राहिला का यात?"

हा प्रश्न मला चार उन्हाळे विचारला जातोय.

(दृश्य: रस्ता. हेल्मेटवर बसवलेल्या कॅमेऱ्यातून.)

इथून चंद्रपूर दीडशे किलोमीटर. वाटेतली गावं: बुटीबोरी, जाम, वरोरा, भद्रावती. एरवी हा रस्ता मी पहाटे पाचला धरतो आणि ऊन चढायच्या आत पोचतो. आज उशीर मुद्दाम केलाय. ऊन दाखवायचं तर उन्हात निघावं लागतं. कॅमेरामन मागच्या गाडीत एसी लावून बसलाय, हेही जाता जाता नोंदवून ठेवतो.

(दृश्य: चौकातला सिग्नल. स्कूटरवरच्या मुली, चेहऱ्याला गुंडाळलेले दुपट्टे.)

हा चौक नीट बघा. सनकोट, कोपरापर्यंतचे हातमोजे, डोळे सोडून सगळा चेहरा दुपट्ट्यात. पलीकडे बैलबंडीवाला: पूर्ण बाह्यांचा सदरा, डोक्याला शेला, कानही झाकलेले. उघड्या अंगानं कुणीच नाही. विदर्भातल्या उन्हात कपडे काढायचे नसतात, घालायचे असतात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आजीनं खिशात कांदा घालून पाठवलं तेव्हा तिनंही आधी टोपी घातली होती.

मग मोटरसायकलचं जॅकेट म्हटलं की याच माणसाला एकदम उकडायला का लागतं?

उकडतं, हे खरं आहे. या सिग्नलला नव्वद सेकंद उभं राहून बघा. वारा बंद, खाली इंजिन, पोटऱ्यांना झळ, जॅकेटच्या आत घामाची धार कण्यावरून खाली. इथे मी कुणाला उपदेश करणार नाही. सिग्नलला मी स्वतः चेन छातीपर्यंत उघडतो आणि हिरवा पडला की पुन्हा लावतो. शहरातल्या काही चौकांत उन्हाळ्यात वर हिरव्या जाळ्या बांधतात. त्या जाळीच्या सावलीत पुढचं चाक आलं तरी बरं वाटतं, एवढी वाईट अवस्था असते.

पण शहर संपलं, गाडी साठवर गेली, की हिशेब उलटा होतो.

(दृश्य: घराच्या खिडकीतला जुना कूलर. वाळ्याच्या ताटीवरून ओघळणारं पाणी.)

तो हिशेब नागपूरच्या प्रत्येक खिडकीत लावलेला आहे. कूलर. ताटीवर पाणी सोडायचं, पंख्यानं त्यातून कोरडी हवा ओढायची, आत गारवा. आता त्याच कूलरची ताटी कोरडी ठेवा आणि पंखा पाचवर लावा. काय येईल आत? भट्टीची झळ.

आपल्या त्वचेचं तापमान साधारण ३५ अंश. हवा त्याहून थंड असेल तर अंगावर येणारा वारा अंगातली उष्णता घेऊन जातो. हवा ४४ ची असेल तर तोच वारा उष्णता आणून टाकतो. अर्ध्या बाह्यांच्या शर्टात साठच्या वेगानं जाणारा माणूस म्हणजे कोरड्या ताटीचा कूलर. घाम येतो, पण इतक्या लवकर वाळतो की त्याला घाम आल्याचं कळतही नाही. मला घाम येत नाहीये, म्हणजे मस्त चाललंय, असं त्याला वाटतं. शरीरातलं पाणी मात्र तासाला लिटरभर, कधी जास्तही, उडून जात असतं.

(दृश्य: टेबलावर दोन थर्मामीटर. एकाच्या टोकाला ओलं फडकं. समोर टेबलफॅन.)

एक लिटर पाणी वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातं. तेवढ्यात स्वयंपाकघरातलं सात-आठ लिटर पाणी उकळीला येईल. ही उष्णता कुठून तरी जाणारच. ती माझ्या अंगातून जावी, एवढीच माझी धडपड.

४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के, अशा हवेत ओल्या फडक्यातला पारा २३ च्या आसपास उतरतो. मुंबईत ३४ अंश आणि ७० टक्के असेल, तर तोच पारा २९ च्या खाली यायला तयार नसतो. मुंबईत कूलर का चालत नाही, ते यातच आलं. आणि माझ्या ओल्या टी-शर्टची युक्ती पनवेलच्या पुढे, कोकणात, गोव्यात का फसते, तेही. तिकडे ओलं अंगावर घातलं तर ओलंच राहतं, वर घामोळं येतं. तिकडे जाळीचं जॅकेट घ्यावं, हवा जितकी खेळेल तितकी खेळू द्यावी.

इकडे जाळीच्या जॅकेटची गंमत वेगळी आहे. टी-शर्ट ओला करून वर जाळी घातली, तर सुरुवातीला थंडीनं शहारे येतात. पंधरा-वीस मिनिटांत टी-शर्ट खडखडीत वाळतो, आणि मग पुन्हा तीच कोरडी ताटी. बंद कापडाचं जॅकेट घालून मनगटाच्या आणि पाठीच्या चेनी बोटभर उघड्या ठेवल्या, तर वारा आत थोडाच शिरतो, बेतानं फिरतो, आणि तोच टी-शर्ट पाऊण-एक तास साथ देतो. हे मला कुणी शिकवलं नाही. मी जाळीवर पैसे घालवले, आणि मग शिकलो.

(दृश्य: वरोऱ्याच्या अलीकडचं एक वळण. कडेला पसरलेली बारीक गिट्टी.)

हे ते वळण.

चार वर्षांपूर्वी, एप्रिल महिना, दुपारी बारा. कोळशाचा ट्रक पुढे, मी मागे, वेग चाळीस असेल. ट्रकच्या मागून गिट्टी दिसली नाही. पुढचं चाक सरकलं आणि मी डाव्या अंगावर घसरत गेलो. फार लांब नाही, पाच-सहा मीटर. डोक्यावर हेल्मेट होतं, हातात मोजे होते. अंगात अर्ध्या बाह्यांचा टी-शर्ट होता, कारण जामला चहा पिताना मी जॅकेट काढलं होतं. आता तासाभराचाच तर रस्ता राहिलाय, म्हणून.

जॅकेट मागच्या सीटवर रबरी दोरीनं बांधलेलं होतं. त्याला ओरखडासुद्धा आला नाही.

माझं कोपर ते मनगट सोललं. उन्हाळ्याच्या दुपारी डांबराला तळवा लावून बघा, सेकंदभरही टिकत नाही. त्यावरून कातडी ओढत न्यायची. वरोऱ्याच्या दवाखान्यात नर्सबाई जखमेतली खडी ब्रशनं काढत होत्या. ब्रश साधा होता, नखं घासायचा. त्या म्हणाल्या, "वरती बघा पंख्याकडे." पंख्याला तीन पाती होती. एकाचं टोक वाकलेलं होतं. मला तो पंखा अजून कागदावर काढून दाखवता येईल.

(दृश्य: दुकानातला काउंटर. जॅकेटच्या कोपरातून बाहेर काढलेलं संरक्षक पॅड.)

त्यानंतर मी जॅकेट विकत घ्यायला शिकलो, म्हणजे जॅकेटच्या आत हात घालायला. खांदा, कोपर, पाठ: प्रत्येक ठिकाणचं पॅड बाहेर काढून बघायचं. स्वस्त जॅकेटांच्या पाठीत पुष्कळदा नुसता फोम असतो, गादीतल्यासारखा. चिमटीत दाबला की बोटं एकमेकांना लागतात. तो पाठीसाठी नाही, जॅकेट दुकानात भरीव दिसावं म्हणून असतो.

खऱ्या पॅडवर ईएन १६२१ असा युरोपीय मानकाचा शिक्का असतो, आणि लेव्हल १ किंवा २. पॅडवर ठरावीक जोरानं वजन आपटायचं आणि पलीकडे किती बल पोचतं ते किलोन्यूटन या एककात मोजायचं, जितकं कमी तितकं बरं, अशी ती चाचणी. खांद्या-कोपराच्या लेव्हल १ ला सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत सूट आहे, लेव्हल २ ला २०. पाठीच्या पॅडला नियम कडक: १८ आणि ९.

त्याच शिक्क्यात कधीकधी एक बारीक अक्षर असतं, टी, आणि त्यापुढे अधिकचं चिन्ह. बहुतेकांचं तिकडे लक्ष जात नाही. त्याचा अर्थ, हे पॅड ४० अंशांना तापवूनही तपासलंय. आजकालची मऊ पॅडं हातात लोण्यासारखी वाकतात आणि आघात बसला की घट्ट होतात. तापली की ती आणखी मऊ पडतात. युरोपात हे अक्षर असलं काय, नसलं काय. चंद्रपूरच्या माणसानं ते भिंग लावून शोधावं.

पँटचं थोडक्यात: साधी जीन्स घसरताना क्षणात फाटते, गुडघ्याची पॅडं वेगळी बांधता येतात, आणि टाकीला मांड्या लागून भाजतात त्यावर मला अजून उपाय सापडलेला नाही. बूट घोट्याच्या वर. सँडलवर सँडल एवढंच म्हणता येईल.

(दृश्य: हेल्मेट उलटं धरलेलं. आतलं अस्तर घामानं काळपट.)

हेल्मेटवर वाद नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नं ते सक्तीचं आहे, आणि १ जून २०२१ पासून आयएसआय शिक्क्याशिवायचं दुचाकीचं हेल्मेट विकायलाही बंदी आहे. आयएसआय लिहिलेला स्टिकर रस्त्यावर मिळतो, ती गोष्ट वेगळी. जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष असा, की हेल्मेटमुळे डोक्याच्या इजेचा धोका ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा ४२ टक्क्यांनी घटतो. २०२२ मध्ये भारतातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत दर शंभरातली चव्वेचाळीस दुचाकीवरची होती.

उन्हातली खरी कुरबूर दुपट्ट्याची आहे. डोक्याभोवती दुपट्ट्याचे तीन वेढे, मागे गाठ, त्यावर हेल्मेट. हेल्मेट वर उचललं जातं, पट्टा पुरत नाही, मग तो लावलाच जात नाही. पडल्यावर असं हेल्मेट डोक्याच्या आधी रस्त्यावर पोचतं. त्यापेक्षा पातळ सुती टोपडं घाला, दुकानात त्याला बालाक्लाव्हा म्हणतात. दोन ठेवा: एक डोक्यावर, एक वाळत. दुपट्टा गळ्याभोवती, ओला करून. मानेवरून गार पाणी ओघळतं तेव्हा काय सुख लागतं, ते सांगून कळायचं नाही.

आणि काच खाली. ४४ अंशांचा वारा डोळ्यांवर घेतला की डोळे चुरचुरतात, पापण्या मिटायला लागतात. काच बंद, हनुवटीची खिडकी उघडी.

(दृश्य: रस्त्याकडेची पाणपोई. लाल कापड गुंडाळलेले रांजण.)

चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी थांबायचं. टी-शर्ट पुन्हा ओला करायचा आणि पोटात पाणी घालायचं. नुसतं पाणी नको. लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर, त्याच चमच्यानं अर्धा चमचा मीठ. ताक चालतं, पन्हं तर उत्तमच.

ऊन लागायला लागलं की प्रत्येकाचं काहीतरी बिघडतं. कुणाचं डोकं ठणकतं, कुणी उगाच चिडतो. मी इंडिकेटर बंद करायला विसरतो. एकदा विसरलो तर सोडून देतो. दोनदा विसरलो की पहिल्या कडुनिंबाखाली गाडी लावतो, मग घड्याळात काही का वाजले असेनात. सोबतचा माणूस बरळायला लागला, धड उभा राहीना, तर कडुनिंब पुरत नाही. सावली, अंगावर पाणी, वारा, आणि १०८ ला फोन, सगळं एकदम.

मी थांबू शकतो, हे मात्र सांगायला हवं. जेवणाचे डबे पोचवणारी पोरं थांबू शकत नाहीत. दुपारी दोनला, सगळं शहर दारं लावून झोपलेलं असताना, पाठीवर चौकोनी पिशवी घेऊन तीच रस्त्यावर दिसतात. अंगात पातळ बंडी, मोबाइलवर उलटे धावणारे मिनिट. त्यांना पहाटे पाचला निघा म्हणून कोण सांगणार? त्यांच्यातल्या एकाला मी ओल्या टी-शर्टची युक्ती सांगितली. तो म्हणाला, "दादा, ओला माणूस लिफ्टमध्ये घेत नाही सोसायटीवाले."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

(दृश्य: भद्रावती. दुपारचा एक. पेट्रोल पंप. टी-शर्टवर मिठाच्या पांढऱ्या रेघा.)

तिसऱ्यांदा टी-शर्ट भिजवतोय. शेजारी स्प्लेंडरवर दोघं जण, विशीतले. मागच्याच्या मांडीवर कलिंगड. पुढचा माझ्याकडे, मग जॅकेटकडे बघतो, आणि सकाळचाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतो. मी काही बोलत नाही, जॅकेटची बाही पुढे करतो. तो आत हात घालतो, तसाच ठेवतो. चार-पाच सेकंद.

"अबे, हात घालून पाह्य," तो मागच्याला म्हणतो. मागचा कलिंगड सोडायला तयार नाही.

पुढच्यानं नळाखाली दुपट्टा धरला, पिळला, गळ्याला गुंडाळला. किक मारली. डाव्या कोपरात अडकवलेलं हेल्मेट त्यानं एकदा वर सरकवलं, कोपरातच, आणि ते चंद्रपूरच्या दिशेनं निघून गेले.