हाडांचा वारसा

(दृश्य: मिरज. अस्थिरोग ओपीडीबाहेर बसलेल्या बायका.)

साठी ओलांडलेली बाई घरात घसरून पडते, खुब्याचं हाड मोडतं आणि वर तिलाच ऐकवलं जातं, "आयुष्यभर धड दूध घेतलं नाहीस." हा ठपका अन्यायाचा आहे. प्रयोगशाळेतल्या उंदरांचं काय सांगणं आहे, ते ऐका.

(दृश्य: उंदराच्या मांडीच्या हाडाचं स्कॅन.)

अमेरिकेतल्या मेन राज्यातली जॅक्सन लॅबोरेटरी. इथं पिढ्यानपिढ्या सख्ख्या भावंडांचा संकर करून उंदरांचे वंश राखलेत. एका वंशातले सगळे उंदीर जनुकांनी जवळजवळ सारखेच. वेस्ली बीमर आणि सहकाऱ्यांनी अशा ११ वंशांची हाडं मोजली आणि १९९६ साली निष्कर्ष छापले. सी३एच वंशाच्या तपकिरी उंदराच्या मांडीचं हाड काळ्या सी५७ उंदराच्या हाडापेक्षा जवळपास दीडपट घन भरलं. फरक होता तो रक्तातला.

मग या दोघांचा संकर झाला. नातवंडांमध्ये कुणाचं हाड घन, कुणाचं विरळ, बरेचसे अधलेमधले. गुणसूत्राचा कुठला तुकडा कुणाला कुणाकडून आला हे ताडून पाहिल्यावर एक नव्हे, अनेक गुणसूत्रांवर हाडाची घनता ठरवणाऱ्या जनुकांच्या खुणा सापडल्या.

त्यानंतर सी३एचचा एकेक तुकडा काळ्या उंदरात उतरवला. पहिल्या गुणसूत्रावरचा तुकडा आला, हाड घन झालं. सहाव्यावरचा आला आणि हाड उलट आणखी विरळ झालं! म्हणजे दणकट उंदराच्या अंगातही हाड विरळ करणारा वारसा होता. बाकीच्या जनुकांनी तो झाकला होता. या सगळ्या संशोधनात मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

(दृश्य: तासगाव. द्राक्षबागेत काम करणाऱ्या बायका.)

कष्टानं हाड बळकट होतं, हे खरंच आहे. पण उंदरांच्या पायावर ठरावीक भार देऊन पाहिलं, तेव्हा काळ्या उंदराच्या हाडानं जास्त दाद दिली, सी३एचच्या हाडानं कमी. कष्टाचं फळ किती मिळणार, यातही जनुकांचा हात असतो.

माणसामाणसांत हाडांच्या घनतेत जो फरक दिसतो, त्यातला निम्म्याहून अधिक वारशानं येतो. म्हणूनच हाड मोडण्याचा धोका मोजणाऱ्या फ्रॅक्स या पद्धतीत वय आणि वजनासोबत एक प्रश्न असतो: आईचं किंवा वडिलांचं खुब्याचं हाड मोडलं होतं का? ज्या लेकीचं उत्तर 'हो' आहे, तिनं हे स्वतःहून डॉक्टरांना सांगावं आणि हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी कधी करायची ते विचारून घ्यावं.