खाडीवर जायचं ते तिथी बघून

पक्षी बघायचे तर पहाटे उठा, हा नियम येऊरच्या जंगलात चालतो. ठाणे खाडीवर चालत नाही. उजाडताना ऐरोलीच्या काठावर पोचलात आणि नेमकी सुकती, म्हणजे ओहोटी, लागलेली असली, तर रोहित (फ्लेमिंगो) दिसतात ते लांबवर, गुलाबी रेघेसारखे.

रोहित चरतो तो चिखलावरच्या उथळ पाण्यात. पाण्याची कड सरकते तसा थवाही सरकतो. सुकतीला ती कड दूर जाते, भरतीला काठाकडे येते. चिखल पुरता बुडाला की बरेच थवे उठून सीवूड्स-नेरूळच्या पाणथळींवर विसाव्याला जातात.

तेव्हा आधी भरती काढा. कोळ्यांचा जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट. पंचमीला पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचार. पहाटे पावणेचारला पूर्ण भरती, मग दहाच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. ती सकाळ वाया. अष्टमीला सहा वाजता भरती येते खरी, पण ते दिवस भांगाचे. पाणी कमी चढतं आणि वरचा चिखल उघडाच राहतो. चतुर्दशीला साडेदहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. हे दोन दिवस धरा. उधाण जवळ असतं, आठला पोचलात तर चढतं पाणी मिळतं, आणि नवी मुंबईच्या काठावरून सकाळचा सूर्य पाठीशी राहतो. हिशेब अंदाजाचाच आहे आणि खाडीत आत पाणी थोडं उशिरा चढतं, म्हणून भरतीच्या तक्त्याशी ताडून घ्या. ऐरोलीच्या बोटींच्या वेळाही भरतीवरच ठरतात, कारण सुकतीला बोट चिखलात बसते.

दुर्बीण 8×42 (आठपट मोठं दाखवणारी, 42 मिमी भिंगाची) पुरे. रोहित ओळखताना गुलाबी रंगावर जाऊ नका, चोच बघा. मोठ्या रोहिताची चोच फिकट गुलाबी, टोकाला काळी. लहानाची सगळीच गडद. राखाडी-मळकट दिसतात ती पिल्लं, तो तिसरा प्रकार नव्हे.

मात्र रोहितांची घाई करू नका, ते पावसाच्या तोंडापर्यंत असतात. फेब्रुवारीअखेर ते एप्रिल ही वेळ खरी छोट्या चिखलपक्ष्यांची, आणि सगळे कॅमेरे नेमके तेव्हा रोहितांकडे वळलेले असतात! उत्तरेला परतण्याआधी हे पक्षी पिसं बदलतात. हिवाळाभर राखाडी असलेला करल्यू सँडपायपर विटकरी होऊ लागतो, चिखल्याच्या (प्लवर) छातीवर तांबूस पट्टा उमटतो, कुरवांचं (गल) डोकंही गडद होतं. पुस्तकातलं हिवाळी चित्र आता जुळत नाही, आणि अर्धवट बदललेला पक्षी तर कुठल्याच चित्राशी जुळत नाही. अशा वेळी रंग सोडा. चोचीची लांबी डोक्याच्या लांबीशी ताडा, ती खाली वळते की सरळ ते बघा, आणि उडताना कंबर, म्हणजे शेपटीच्या वरचा भाग, पांढरी आहे का तेही. करल्यू सँडपायपरची चोच खाली वळलेली, कंबर पांढरी.

उधाणाच्या भरतीला पाणथळीवर पक्षी विसावतात, तिथे पुढे सरकू नका. माना वर झाल्या की थांबा, दोन पावलं मागे या. थवा उडाला तर चिखल बुडालेला असताना त्याला उतरायला जागा शोधत फिरावं लागतं.

उधाण असूनही पाणथळीचं तळं रिकामं दिसलं, तर खाडीतून पाणी आत येतं तो नाला किंवा पाइप बघून या. तो भरावाने बुजला असेल तर भरतीचं पाणी आत येतच नाही.