देव्हाऱ्यात भक्ताची तसबीर

मित्रहो, आजच्या विषयाला नेमका मराठी शब्द कोणता लावावा, येथूनच माझी अडचण सुरू होते. फुटबॉल क्लबच्या जर्सीवर डाव्या छातीशी जे चिन्ह शिवलेले असते त्याला वर्तमानपत्रे बोधचिन्ह म्हणतात; पण कसला बोध करून देणे हे काही त्याचे काम नव्हे. बिल्ला म्हणावे तर एसटीचा वाहक किंवा स्टेशनावरचा हमाल आठवतो, शिवाय बिल्ला कोणीतरी दिलेला असतो आणि देणाऱ्याला तो परतही मागता येतो. शिक्का मालावर मारतात. निशाण मात्र खांद्यावर घ्यायचे असते. क्लबचे संचालक या चिन्हाकडे शिक्का म्हणून पाहतात आणि समर्थक निशाण म्हणून. चिन्ह बदलल्यावर उसळणाऱ्या संतापाचे मूळ मला या दोन शब्दांमधल्या अंतरात दिसते.

हे अंतर एकदा थेट न्यायालयात मोजले गेले आहे. लंडनच्या आर्सेनल क्लबच्या हायबरी मैदानाबाहेर १९७० पासून एक विक्रेता टोप्या, मफलर, जर्सी असा माल विकत असे. त्यावर आर्सेनलचे नाव आणि तोफेचे चिन्ह असे, आणि हा माल क्लबचा अधिकृत माल नाही अशी पाटीही त्याने लावलेली असे. नाव आणि चिन्हे क्लबने १९८९ मध्ये व्यापारचिन्हे म्हणून नोंदवली होती, म्हणून क्लबने दावा लावला. २००१ मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयातील न्यायमूर्ती लॅडी यांनी विक्रेत्याच्या बाजूचा एक मुद्दा मान्य केला. मफलरवरची तोफ पाहून घेणारा माणूस हा माल कोणत्या कारखान्यातून आला याचा विचार करत नाही, त्याच्या दृष्टीने ती पाठिंब्याची, निष्ठेची, आपलेपणाची खूण असते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. पुढे नोव्हेंबर २००२ मध्ये युरोपीय न्यायालयाने आणि २००३ मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयाने क्लबच्या बाजूने कौल दिला. खूण निष्ठेची असली तरी ती विकण्याचा हक्क मालकाचाच, असे कायद्याने ठरले. मला या निकालात गैर काही दिसत नाही. पण लॅडी यांनी जे वर्णन केले ते त्यामुळे खोटे ठरले नाही. ते फक्त कायद्याच्या दृष्टीने गैरलागू ठरले.

युरोपीय न्यायालयाचा निकाल लागला त्याच वर्षी, म्हणजे २००२ मध्ये, आर्सेनलने आपले चिन्हही बदलले. १९४९ पासूनचे जुने चिन्ह वेगवेगळ्या काळातील तुकड्यांचे बनलेले असल्यामुळे त्याच्यावर पक्का मालकीहक्क सांगणे अवघड होते. नव्या चिन्हातून लॅटिन ब्रीदवाक्य गेले, जुन्या वळणाची अक्षरे गेली आणि पश्चिमेकडे रोखलेली तोफ पूर्वेकडे वळली. समर्थकांपैकी अनेकांनी निषेध केला, पण चिन्ह टिकले. ज्यांनी जुने पाहिलेच नाही अशी एक पिढी आज त्या तोफेखाली मोठी झाली आहे.

यावरून कोणी म्हणेल की लोक बदलाला विरोध करतात आणि मग सवयीने गप्प बसतात, तर त्यात नवे काय? लीड्सचे उदाहरण पाहिले की हे उत्तर किती अपुरे आहे ते कळते, म्हणून मी तिथे जरा थांबणार आहे.

इंग्लंडमधल्या लीड्स शहराच्या लीड्स युनायटेड क्लबची स्थापना १९१९ ची. शताब्दी जवळ आली म्हणून क्लबने २४ जानेवारी २०१८ रोजी नवे चिन्ह जाहीर केले. सहा महिने काम चालले होते आणि दहा हजार लोकांची मते घेतली होती, असे क्लबने सांगितले. चिन्हात एक बिनचेहऱ्याचा माणूस होता, डोके नसलेला नुसता धड आणि हात, उजवी मूठ छातीवर ठेवलेला. एलंड रोड मैदानावर क्लबचे गीत गाताना समर्थक अशीच मूठ छातीवर आपटतात आणि त्याला लीड्सचा सलाम म्हणतात. म्हणजे समर्थकांचीच लकब, समर्थकांचाच आकार, आणि तोही त्यांना विचारून काढलेला. वरवर पाहता यापेक्षा लोकशाहीवादी चिन्ह कोणते असणार? प्रत्यक्षात मात्र लोकांना त्यात छातीत जळजळ झाल्यावर घ्यायच्या औषधाची जाहिरात दिसली. विरोधाच्या निवेदनावर अल्पावधीत ५० हजारांहून अधिक सह्या झाल्या आणि क्लबला ते चिन्ह बाजूला ठेवावे लागले.

आता यातली गंमत पाहा. ज्या ‘परंपरागत’ चिन्हासाठी ही माणसे पेटून उठली ते चिन्ह होते १९९८ चे, म्हणजे अवघे वीस वर्षांचे. त्याआधी लीड्सने किती चिन्हे वापरली आणि टाकली याची यादी मजेदार आहे. शहराच्या मुद्रेतले घुबड येऊन गेले. १९७० च्या दशकात एल आणि यू ही दोन अक्षरे एकमेकांत गुंफून केलेला हसरा चेहरा आला, आणि आज जुन्या आठवणींत रमणारे तोच जिव्हाळ्याने छातीवर मिरवतात. मैदानासमोरच्या पबच्या नावावरून चिकटलेल्या टोपणनावाचा मोर आला. १९८४ मध्ये यॉर्कशरचे पांढरे गुलाब आले. इतकी चिन्हे बदललेल्या गावाला नव्या चिन्हाचे वावडे होते असे म्हणता येणार नाही. तेव्हा वय हा मुद्दा नाही.

माझ्या मते मुद्दा असा आहे की घुबड, मोर आणि गुलाब ही सारी समर्थकाच्या बाहेरची होती. शहर, मैदानासमोरची पाटी, परगण्याचे फूल, यांच्याकडे बोट दाखवून माणूस म्हणू शकतो की मी याचा आहे. २०१८ च्या चिन्हाने ते बोट उलटे फिरवून त्याच्याकडेच रोखले. आपल्याकडे घरोघरी देव्हारा असतो. त्यात कुलदैवताचा टाक असतो, बाळकृष्ण असतो, आजोबांनी काशीहून आणलेला गंगाजलाचा गडू असतो. पण रोज हात जोडणाऱ्याने उद्या तिथे स्वतःचीच तसबीर पाहिली, तर तिच्यापुढे उदबत्ती लावताना त्याचा हात थबकेल. लीड्सच्या समर्थकांचा हात तसा थबकला. त्यातून ही तसबीर बाजाराच्या माणसांनी काढलेली, चेहरा नसलेली, म्हणजे कोणाचीही असू शकणारी.

दहा हजार लोकांना विचारले होते ना, मग असे कसे झाले? मला वाटते, तुमच्यासाठी क्लब म्हणजे काय, असा प्रश्न विचारला की लोक एकजूट, निष्ठा, अभिमान अशी उत्तरे देतात. कोणीही दिली असती. त्या उत्तरांचे चित्र काढले की छातीवर मूठ येते. गुलाब ठेवायचे की काढायचे, असे थेट विचारले तर उत्तर वेगळे येते. आपल्याकडच्या ग्रामसभांतही प्रश्न कसा घातला यावर ठराव ठरतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

क्लबांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे, कारण ती अगदीच पोकळ नाही. मोबाइलच्या पडद्यावर नखाएवढ्या जागेत चिन्ह ओळखू यावे लागते. बारीक अक्षरे भरतकामात फिसकटतात. लिव्हरपूलच्या एव्हर्टन क्लबने २०१३ मध्ये हेच सांगून चिन्ह सोपे केले, तेव्हा ‘सर्वोत्तमाहून कमी ते पुरेसे नाही’ अशा अर्थाचे लॅटिन ब्रीदवाक्य त्यातून गळाले. निवेदनावर वीस हजारांहून अधिक सह्या झाल्या, क्लबने माफी मागितली, आणि जर्सी तयार झालेल्या असल्यामुळे एक हंगाम ते चिन्ह सोसून पुढच्या हंगामासाठी तीन पर्यायांवर मतदान घेतले. ब्रीदवाक्य परतले. त्या चिन्हाच्या मध्यभागी जो बुरूज आहे तो कोणा राजाचा किल्ला नव्हे. ती १७८७ साली बांधलेली, दारुड्यांना रात्रभर कोंडून ठेवण्याची कोठडी आहे. स्वतःच्या गावातली दारुड्यांची कोठडी छातीवर अभिमानाने मिरवायची, हे कोणत्याही जाहिरात कंपनीला सुचले नसते.

कार्डिफचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे आणि ते माझ्या वरच्या मांडणीला थोडे अडवतेही. वेल्सच्या या क्लबचा रंग निळा, टोपणनाव निळे पक्षी. २०१२ मध्ये मलेशियन मालक व्हिन्सेंट टॅन यांनी जर्सी लाल केली आणि चिन्हात मोठा लाल ड्रॅगन आणून पक्ष्याला त्याच्या पायाशी इवलासा करून ठेवले. आता लाल ड्रॅगन हा तर वेल्सच्या झेंड्यावरचा, निळ्या पक्ष्यापेक्षा कितीतरी जुना. स्थानिक खूण हवी म्हणाल तर यापेक्षा स्थानिक काय असणार? तरीही तो परका वाटला, कारण तो ज्या वाटेने आला ती वाट वेल्समधली नव्हती. आशियात लाल रंग शुभ, बाहेरच्या बाजारात जर्सी खपतील, क्लबमध्ये पैसा येईल, असा तो हिशेब होता. देव गावातलाच, पण तो सावकाराने आणून बसवलेला.

समर्थकांत उभी फूट पडली, हेही नमूद केले पाहिजे. काहींनी सरळ सांगितले की क्लब कर्जात बुडण्यापेक्षा लाल बरा. त्यांना गद्दार म्हणणे मला जमणार नाही. संघ २०१३ मध्ये लाल जर्सीत अव्वल श्रेणीत चढला आणि पुढच्याच वर्षी खाली उतरला. मधल्या काळात संघ लाल कपड्यांत खेळत होता आणि गॅलरीत माणसे निळे मफलर फडकवत होती. विजयानेही हे विचित्र दृश्य मिटले नाही. जानेवारी २०१५ मध्ये निळा रंग परत आला आणि त्यानंतर पक्षी पुन्हा मोठा झाला.

उलट उदाहरण युव्हेंटसचे. जानेवारी २०१७ मध्ये या इटालियन क्लबने ट्यूरिन शहराचा बैल आणि मुकुट काढून टाकून नुसते ‘जे’ हे इंग्रजी अक्षर आणले. टिंगल पुष्कळ झाली, पण चिन्ह टिकले. लागोपाठ विजेतेपदे मिळत होती, हे एक कारण. दुसरे मला अधिक महत्त्वाचे वाटते. युव्हेंटसच्या नावात शहर नाही, त्याचे चाहते साऱ्या इटलीभर पसरलेले आहेत, आणि त्यांचे खरे निशाण म्हणजे काळे-पांढरे पट्टे. त्यांना कोणी हात लावला नव्हता. बैल गेल्याचे दुःख मिलान किंवा नेपल्समध्ये राहणाऱ्या चाहत्याला कितीसे होणार?

माद्रिदच्या अॅटलेटिकोने २०१७ मध्ये नव्या स्टेडियमबरोबर नवे चिन्ह घेतले. शहराच्या मुद्रेतले अस्वल आणि झाड कायम होते, पट्टे कायम होते; रंग कमी झाले, रेषा गुळगुळीत झाल्या. त्रयस्थाला दोन चिन्हे शेजारी ठेवल्याशिवाय फरक कळला नसता. पण जुने मैदान आणि जुने चिन्ह एकदमच गेले होते. समर्थकांनी विषय सोडला नाही, आणि अखेर २०२३ मध्ये सभासदांचे मतदान झाले तेव्हा ८८ टक्क्यांहून अधिक मते जुन्या चिन्हाला पडली. जुलै २०२४ पासून ते परत आले.

याच अॅटलेटिकोचा धागा आपल्या देशात येतो. कोलकात्याचा अॅटलेटिको द कोलकाता हा संघ २०१४ मध्ये माद्रिदच्या क्लबच्या भागीदारीतून उभा राहिला. पुढे भागीदारी संपली आणि एटीके ही तीन अक्षरे उरली. २०२० मध्ये १८८९ सालचा मोहन बागान त्याच्याशी जोडला गेला. बागानची शिडाची होडी चिन्हात राहिली, पण तिच्यासोबत एटीके आले. संघ जिंकत असतानाही समर्थक तीन वर्षे ही अक्षरे काढा म्हणून मागणी करत राहिले. १८ मार्च २०२३ रोजी गोव्यात, फातोर्ड्याच्या मैदानावर, बंगळुरूला पेनल्टीवर हरवून संघाने इंडियन सुपर लीगचे विजेतेपद मिळवले आणि मालक संजीव गोएंका यांनी तिथेच नाव बदलण्याची घोषणा केली. नव्या नावाला मालकांच्याच क्रिकेट संघाचे ‘सुपर जायंट’ हे शेपूट जोडलेले आहे. तरी लोक आनंदले, कारण शेपूट मागे आहे आणि आपले नाव पुढे आले.

तुमच्या कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पेठांच्या तालमींचे संघ फुटबॉल खेळतात. तिथे उद्या कोणी पैसा घेऊन आला आणि तालमीच्या नावाआधी आपले नाव लावू म्हणाला, तर काय होईल ते तुम्हीच मला सांगाल. मी अंदाज बांधण्याचे धाडस करत नाही.

इंग्लंडने आता यावर कायदाच केला आहे. जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेल्या फुटबॉल प्रशासनाच्या कायद्यानुसार क्लबला चिन्ह किंवा घरच्या जर्सीचे मुख्य रंग बदलायचे असतील, तर त्याला समर्थकांच्या बहुमताचा पाठिंबा आहे हे पडताळण्यासाठी वाजवी पावले उचलावी लागतील. समर्थक कोण, या प्रश्नाला कायद्याने दिलेले उत्तर आपल्याशी थेट संबंधित आहे: इंग्लंड आणि वेल्समधले. म्हणजे पुण्यात मध्यरात्री जागून सामना पाहणारा, दोन महिन्यांचे पैसे साठवून जर्सी घेणारा मुलगा या मोजणीत नाही.

मला विचाराल तर त्याला वगळले ते योग्यच झाले. त्याचे प्रेम कमी आहे म्हणून नव्हे. घुबड, गुलाब, दारुड्यांची कोठडी ज्या रस्त्यांवर आहेत तिथे तो राहत नाही, आणि हे बदल बहुतेक वेळा त्याच्याच नावाने केले जातात. कार्डिफ लाल झाले तेव्हा आंतरराष्ट्रीय बाजारपेठेचे कारण पुढे केले गेले होते. ती बाजारपेठ म्हणजे आपण. आणि लाल जर्सी आपल्यापैकी कोणीही मागितली नव्हती.