इउलिसचे कवी

श्रोतेहो, नमस्कार. एजियन समुद्रात, अथेन्सपासून फार लांब नाही, असं केऑस नावाचं बेट आहे. आज त्याला केआ म्हणतात. त्या बेटावरच्या डोंगरातलं गाव म्हणजे इउलिस. गावाबाहेर खडकात कोरलेला एक सिंह पहुडलेला आहे, अडीच हजार वर्षांहून जुना. दंतकथा अशी, की या बेटावर अप्सरा राहत होत्या आणि एका सिंहानं त्यांना पळवून लावलं. पुढे व्याधाचा तारा असा तापला, की सगळं करपून गेलं. तेव्हा अपोलो देवाचा मुलगा अरिस्तेऊस आला, त्यानं डोंगरावर देवांचा राजा झ्यूस याला बळी अर्पण केले आणि चाळीस दिवस गार वारे वाहिले.

याच गावात इसवी सनापूर्वी ५५६च्या सुमारास सिमोनिदीस जन्मला. कविता करायचे तो पैसे घ्यायचा, म्हणून लोक त्याला लोभी म्हणत. मला हे मुळीच पटत नाही. गवंड्याला मजुरी द्यायची, वैद्याला फी द्यायची आणि कवीची बोळवण शाल-श्रीफळावर करायची, हा कुठला न्याय?

तर ऐका. ही गोष्ट रोमन वक्ता सिसेरो यानं सांगितली आहे. ग्रीसमधल्या थेसली प्रांतात स्कोपास नावाच्या धनिकाकडे मेजवानी होती. सिमोनिदीसनं त्याचं स्तुतिगीत गायलं, पण त्यात कास्टर आणि पॉलक्स या जुळ्या देवांचीही बरीच स्तुती होती. स्कोपास म्हणाला, "मी अर्धेच पैसे देणार. उरलेले त्या देवांकडून घे!" थोड्या वेळानं निरोप आला: दारात दोन तरुण उभे आहेत, कवीला बोलावताहेत. सिमोनिदीस बाहेर गेला. पाहतो तर कोणीच नाही! तेवढ्यात मागे छत कोसळलं. स्कोपास गेला, त्याचे नातलग गेले. प्रेतं इतकी चेंगरली होती, की घरच्यांनाही आपलं माणूस ओळखू येईना. अंत्यसंस्कार कुणावर, कुणी करायचे?

तेव्हा सिमोनिदीसनं डोळ्यांपुढे ती पंगत आणली. कोण कुठे बसलं होतं, कोणाशेजारी कोण होतं. जागेवरून माणूस, जागेवरून नाव. एकेक करून त्यानं सगळे ओळखून दिले. लक्षात ठेवायचं ते मनातल्या एकेका जागी ठेवायचं, ही स्मरणाची युक्ती तिथून निघाली, असं सिसेरो म्हणतो. पुन्हा सांगतो: आधी जागा, मग गोष्ट. आपण शाळांमधून पाठांतर हद्दपार केलं, याचं मला फार वाईट वाटतं.

इउलिसचा दुसरा कवी म्हणजे सिमोनिदीसचा भाचा बॅक्किलिदीस. त्याच्या कविता शतकानुशतकं जवळपास हरवल्याच होत्या. १८९६ साली इजिप्तमधून पपायरसचे, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या कागदाचे तुकडे ब्रिटिश म्युझियममध्ये आले. तिथले अभ्यासक फ्रेडरिक केनियन यांनी ते जुळवले आणि १८९७ मध्ये छापले. त्यात ग्रीक पुराणातला वीर थिसिअस समुद्रात उडी घेतो ती कविता आहे. जरूर वाचा, पण मोठ्यानं वाचा. ती समूहानं गाण्यासाठीच रचली होती आणि तिच्या शेवटी कवी अपोलोला विनवतो, की केऑसच्या गायकांवर प्रसन्न हो.